जांभळ्या वायरींचा कॉम्प्युटर

हसायचं ते इथेच हसून घ्या, पण आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका. तिथे माझी पुरेशी शोभा झालेली आहे.

सगळं सुरू झालं एका काचेमुळे. मी घरून इंटिरियरची ड्रॉइंग करते. लॅपटॉपने मान टाकली, म्हणून सुटे पार्ट निवडून स्वतःच मोठा कॉम्प्युटर जोडायचं ठरवलं. कॅबिनेट, म्हणजे पार्ट बसवायचा डबा, सांगितलं ते एका बाजूने काचेचं. आणि त्या रात्री माझी झोप उडाली. काच फुटली तर? आमची ईरा चार वर्षांची. ती घरात चालत नाही, आदळत जाते! डोळ्यांसमोर काय काय आलं ते सांगत नाही, तुमचीही झोप जाईल.

सकाळी उठून वाशीच्या दुकानदाराला फोन.

"काचेचं नको. पत्र्याचं द्या. सगळीकडून बंद."

"मॅडम, ग्लासमध्येच तर मजा आहे!"

"मला मजा नको, पत्रा पाहिजे."

दिला बिचाऱ्याने बदलून. मी शांत झोपले आणि काच हा विषय माझ्या डोक्यातून कायमचा गेला. किती कायमचा, ते कळेलच तुम्हाला.

पार्ट येईपर्यंत मी व्हिडिओ बघत बसले. कॉम्प्युटरला करंट पुरवणारा एक डबा असतो, पॉवर सप्लाय. त्यातून काळ्या वायरींचा जुडगा निघतो. तर हौशी लोक काय करतात, त्यातली एकेक वायर सोडवून तिच्यावर रंगीत, विणलेली नळी चढवतात आणि परत जागच्या जागी बसवतात. काय देखणं दिसतं म्हणून सांगू! ईरा मांडीवर होती. तिने स्क्रीनवर बोटच ठेवलं. "आई, आपला जांभळा!"

आणि मी हो म्हटलं. मला सांगा, जी बाई गॅस बंद केलाय का ते बघायला लिफ्टमधून परत येते, तिने असले शब्द द्यावेत का?

कारण वायरीच्या टोकाची एक जरी पिन चुकीच्या भोकात गेली, तर नवाकोरा कॉम्प्युटर जळायचा. मी प्रत्येक वायर काढण्याआधी फोटो काढायचे. मग तो फोटो नीट आलाय का ते झूम करून बघायचे. मग परत काढायचे. ईरा शाळेत गेली की डायनिंग टेबलावर वायरींचा पसारा. बोटांची सालं निघाली. दुपारची पोळी चमच्याने खाता येईल का, याचा मी गंभीरपणे विचार केलाय.

माझा नवरा निलेश तळोज्याच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. पहिल्याच दिवशी टेबलापाशी थबकला.

"अरे वा! वायरीवर आणखी एक कव्हर? डबल इन्सुलेशन! एकदम बेस्ट."

लग्नानंतर पहिल्यांदा कोणीतरी माझ्या काळजीचं कौतुक केलं होतं हो! ते नाकारायचं कसं? मी नुसती हसले.

निलेशने सासूबाईंना सांगितलं, शॉक लागू नये म्हणून करतेय. सासूबाईंनी खाली बाकावर सांगितलं. दुसऱ्या दिवशी दारात तळमजल्यावरच्या म्हात्रेकाकू. काखेत मिक्सर.

"काय गो, करंट अडवतेस म्हने तू? ह्यो मिक्सर बघ कसा झटके देते."

"काकू, माझं ते नुसतं दिसायला..."

"पोरीसाठी करतेस, नि आमच्यासाठी नाय?"

मी घाबरून त्यांना मिक्सर लावू नका म्हणून शपथ घातली आणि इलेक्ट्रिशियनचा नंबर दिला. पण संध्याकाळपर्यंत दारात दोन इस्त्र्या येऊन गेल्या. सोसायटीच्या सेक्रेटरींनी तर हळूच विचारलं, "वहिनी, लिफ्टच्या वायरींचं काही जमेल?"

हे कमी म्हणून ईराने गार्डनमध्ये जाहीर केलं, "माझ्या आईने जांभळा कॉम्प्युटर केलाय. रविवारी सगळ्यांनी या!"

चालू झालाच नाही तर? मला कोणी हसलं तर हसू दे, सवय आहे. पण एवढ्या पोरांसमोर माझ्या पोरीचं तोंड एवढंसं झालं तर?

रविवारी पोरं यायच्या आधी मी देवाला हात जोडले, बटण दाबलं. पंखा फिरला. स्क्रीन उजळली! मी तिथेच जमिनीवर बसून रडले.

"रडतेस काय? मुलं येतील. झाकण लाव आधी," निलेश म्हणाला.

अगदी बरोबर! मी झाकण लावलं, स्क्रू घट्ट पिळले, डोळे पुसले आणि दार उघडलं. पोरांची फौज आत. मागून म्हात्रेकाकू, नातवाला घेऊन. सगळे टेबलाभोवती गोळा झाले. ईराची मान ताठ.

"जांभळं कुठंय?" काकूंचा नातू.

मी ऐटीत हात केला. आणि हात हवेतच राहिला. समोर काळाकुट्ट पत्रा.

"ह्यो तर झाकलेला डबा हाय गो!" म्हात्रेकाकू.

निलेश माझ्याकडे बघतोय. "म्हणजे... ते दिसायला पाहिजे होतं? मला वाटलं, सेफ्टीसाठी!"

एक मुलगा पत्र्यावर टकटक करून बघतोय. माझे कान तापले. इतके दिवस प्रत्येक पिनची काळजी केली, आणि बघणार कुठून, एवढंच राहिलं? ईराकडे बघायची हिंमत होईना. मी घाईघाईने स्क्रू ड्रायव्हर शोधायला लागले. "थांब हं बाळा, बंद करते, उघडते, लगेच दाखवते..."

ईराने माझा हात धरला. सगळ्या पोरांसमोर, खणखणीत आवाजात म्हणाली,

"राहू दे आई. माझ्या बनियनवर पण फुलपाखरू आहे. ते कोणाला दाखवायचं नसतं, असं तूच सांगतेस ना?"