हातांसाठी घेतलेला कॅमेरा

“आवाजाचं सोडा साहेब,” भास्करराव गांगुर्डे म्हणाले. “आवाज नकोच आम्हाला.”

मी हातातला माइक काउंटरवर ठेवला. कॅमेरे विकण्यात बरीच वर्षं गेली होती, पण असं सांगणारं गिऱ्हाईक पहिलंच.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. नाशिकला महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानात मी व्हिडिओ सेक्शन सांभाळायचो. टेपवर चालणारे घरगुती हाय-डेफिनिशन कॅमेरे तेव्हा नवे होते. लोक चौकशी करायचे आणि साधा कॅमेरा घेऊन जायचे. भास्करराव विंचूरला कांद्याचा व्यापार करायचे, राहायलाही तिथेच होते. बरोबर त्यांची आई होती आणि सहा-सात वर्षांची मुलगी, केतकी. आजींना जन्मापासून ऐकू येत नव्हतं. नातीलाही नाही.

“आई हातानं बोलते,” भास्करराव म्हणाले. “पण ते शाळेत शिकवतात तसलं नाय. आमच्या घरातलंच हाय. वडिलांनी अन् तिनं मिळून बनवलेलं. वडील गेले. आता ते मला येतं, अन् या पोरीला येतं. बाकी कोणाला नाय.”

“मग?”

“मग जूनपासून ही शाळेत जाणार. हॉस्टेलवर. तिथल्या बाई म्हणतात, हात बंद. हातानं बोलत राहिली तर तोंडानं बोलायला शिकणार नाय. घरीसुद्धा हात बंद ठेवायला सांगितलंय.”

आजी मुलाच्या ओठांकडे बघत होत्या. काय चाललंय याचा त्यांना अंदाज असावा. त्यांनी नातीचा हात आपल्या हातात घेऊन ठेवला होता.

“पोरगी बोलली पाहिजे, ते तर खरंच,” भास्करराव पुढे म्हणाले. “पण आईचं बोलणं जायला नको. भरून ठेवतो. मोठी झाली की बघेल. सर्वांत स्वच्छ चित्र येईल असा कॅमेरा द्या.”

तेवढ्यात आमचे शेठ आले. नवा हार्ड डिस्कवाला कॅमेरा त्यांनी आदल्याच आठवड्यात मागवला होता.

“याला टेपची भानगडच नाही,” शेठ म्हणाले. “बटण दाबायचं, आतल्या आत भरलं जातं.”

“भरलं की पुढे काय?” भास्कररावांनी विचारलं.

“कॉम्प्युटरवर घ्यायचं.”

“कॉम्प्युटर कोण करणार आमच्याकडं?”

शेठ माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, “आजींनाच विचारू या.”

मी दोन्ही कॅमेरे ट्रायपॉडवर चढवले आणि आजींना समोर खुर्ची दिली. भास्कररावांनी त्यांना काहीतरी खुणावलं. आजी आधी लाजल्या. मग केतकीनं भराभर काही विचारलं आणि त्यांचे हात सुटले. मी इतकी लग्नं शूट केलेली पाहिली होती, पण इतक्या वेगानं चालणारे हात पाहिले नव्हते. बोटं उघडायची, मिटायची, कपाळाला लागून दंडावर यायची. केतकी खिदळत होती.

दोन्ही चित्रं आम्ही टीव्हीवर लावली आणि मधेच थांबवली. हार्ड डिस्कवाल्यात आजींचा चेहरा छान होता, पण बोटांच्या जागी पिठाचा गोळा. तो कॅमेरा जागा वाचवायला चित्र दाबून भरायचा, आणि त्या काळातल्या दाबण्यात हलणारी वस्तू आधी मार खायची. टेपवाल्यात बोटं मोजता येत होती. साध्या कॅमेऱ्याच्या चित्रात जेमतेम पावणेसहाशे आडव्या ओळी असतात, यात हजाराच्या वर. टेप मात्र तीच, काड्यापेटीहून थोडी मोठी, कुठेही मिळणारी.

आजींनी टीव्हीतल्या स्वतःच्या बोटांकडे बोट केलं आणि मान डोलावली. शेठ हार्ड डिस्कवाला कॅमेरा उचलून आत गेले.

मी भास्कररावांना सगळं समजावलं. उजेड कमी असला की कॅमेरा शटर सावकाश करतो आणि हात पुसट येतात, म्हणून आजींना दारापाशी उजेडात बसवा. हा कॅमेरा रुंद चित्र घेतो, सिनेमासारखं. म्हणून आजी एका बाजूला, तुम्ही दुसऱ्या बाजूला, दोघांचे हात मावले पाहिजेत. आणि चेहऱ्यावर झूम करू नका.

“नाय करत,” ते म्हणाले.

त्यांनी खरंच नाही केलं. दिवाळीनंतर ते एक टेप घेऊन दुकानात आले, मला दाखवायला. विंचूरच्या घराचं दार, ओट्यावर उन्हात आजी, समोर भास्करराव. आजी स्वतःच्या लग्नाची हकीकत सांगत होत्या. मंडपात वाजंत्री वाजत होती ते त्यांना जमिनीतून पायाला कळलं होतं. नवरा काय म्हणतोय ते कळेना म्हणून त्या चिडल्या, तेव्हा त्यानं ताटातला लाडू मोडून अर्धा पुढे केला. ती त्यांच्या घरातली पहिली खूण. मूठ करून उघडायची. अर्थ, तू पण घे.

भास्करराव एकेक खूण सांगत होते आणि आमच्या दुकानातली माणसं कामं सोडून उभी होती. शेठही होते.

“झकास भरलंय,” मी म्हटलं. “आणखी भरा.”

त्यांनी आणखी सात-आठ टेपा भरल्या. मग आजी आजारी पडल्या आणि पुढच्या उन्हाळ्यात गेल्या. हे मला बरंच उशिरा समजलं, कारण मधली काही वर्षं भास्करराव दुकानात आलेच नाहीत.

आले तेव्हा केतकी बरोबर होती. आता बारा-तेरा वर्षांची, दोन वेण्या, कानांना मशीन. ती माझ्याशी बोलली. शब्द सावकाश आणि जड यायचे, पण समजायचे. शाळेनं तिला बोलायला शिकवलं होतं, हे मान्य केलंच पाहिजे.

“काका, आजीचं... कळत नाही,” ती म्हणाली आणि एक डीव्हीडी पुढे केली.

मी ती लावली. ओटा तोच, ऊन तेच. पण चित्र चौकोनी होतं. आजी अर्ध्याच दिसत होत्या. डावा हात चौकटीत यायचा आणि बाहेर जायचा, उजवा दिसतच नव्हता. दुसऱ्या कडेला भास्कररावांचा नुसता गुडघा.

“हे कोणी केलं?”

“आमचा टीव्ही जुना होता,” भास्करराव म्हणाले. “त्यावर चित्राच्या वरती-खालती काळ्या पट्ट्या यायच्या. एका स्टुडिओवाल्याला म्हटलं, डीव्हीडी करून दे. तो म्हणाला, पट्ट्या काढून टाकतो, पूर्ण टीव्ही भरून दिसेल.”

टीव्ही भरला होता. रुंद चित्र चौकोनात बसवायचं तर दोन्ही कडा कापाव्या लागतात. त्यानं त्या कापल्या होत्या. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, कडेला काय आहे ते. मधे त्याला दार दिसलं, ते त्यानं ठेवलं.

“काही बिघडत नाही,” मी म्हटलं. “टेपा आहेत ना? मी पुन्हा नीट करून देतो.”

भास्कररावांनी कापडी पिशवी काउंटरवर ठेवली. सगळ्या टेपा होत्या. मी पहिली लावली.

शाळेचं गॅदरिंग होतं. स्टेजवर केतकी, फ्रॉकमध्ये, माइकसमोर. ती कविता म्हणत होती. एकेक शब्द तोंडातून ओढून काढत होती आणि दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरले होते. शेवटी टाळ्या.

दुसरीत वणीची सहल. तिसरीत कोणाचा तरी वाढदिवस. पुढच्या टेपांतही असंच काही ना काही.

“डीव्हीडी झाल्यावर तो म्हणाला, आता टेप काय कामाची, परत वापरा,” भास्करराव खाली बघून म्हणाले. “गॅदरिंगात ही पहिल्यांदाच स्टेजवर बोलणार होती. नवी टेप आणायची राहून गेली. मग पुढं तेच होत गेलं.”

टेपवर दुसऱ्यांदा भरलं की खालचं जातं. ते परत काढणारं मशीन नसतं. मी ते त्यांना सांगितलं. केतकी माझ्या ओठांकडे बघत होती. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. तिनं स्क्रीनवरच्या स्वतःच्या चेहऱ्याकडे बोट केलं.

“आजी... माझ्या वर?” तिनं वडिलांना विचारलं. मग स्वतःच दुरुस्त केलं. “माझ्या खाली?”



मी सगळ्या टेपा शेवटपर्यंत पुढे ढकलून पाहिल्या. सहलीचं शूटिंग टेपच्या टोकापर्यंत पोचलं नव्हतं. निळा पडदा आला, चित्र थरथरलं आणि ओटा दिसला. पूर्ण रुंदीचा. आजी, दोन्ही हात, सगळी बोटं. जेमतेम काही मिनिटं.

केतकी टीव्हीला नाक लागेल इतकी जवळ गेली. आजी हात झटकत होत्या, मग तळहात पोटावर, मग दाराकडे.

“काय म्हणतात?” मी विचारलं.

“पुरे झालं आता, बंद कर, म्हणतेय,” भास्करराव म्हणाले. “शनिवार हाय. पोरगी हॉस्टेलवरून घरी येईल, भूक लागली असेल तिला. भात टाकते, म्हणतेय.”

केतकीनं ती खूण करून पाहिली. तळहात पोटावर, मग दाराकडे. चुकली. वडिलांनी तिचं मनगट धरून थोडं वळवलं. दोघं काउंटरपाशी उभी राहून तेच पुन्हा पुन्हा करत होती आणि मी टेप मागे घेत होतो. दुपारच्या वेळी दुकानात फारसं कोणी नसतं. शेठनी आलेल्या दोन गिऱ्हाइकांना दुसऱ्या काउंटरकडे वळवलं.

तेवढ्या भागाची मी पूर्ण रुंदीत कॉपी करून दिली, दोन डिस्कवर. मूळ टेपच्या पाठीवर एक छोटा खटका असतो. तो सरकवला की तिच्यावर काही भरता येत नाही. खटका सरकवला आणि टेप केतकीच्या हातात दिली.

आम्ही कॅमेरे निवडायला तासन्‌तास घालवायचो. ओळी मोजायचो, लेन्सवर वाद घालायचो. त्या दिवसानंतर कोणीही टेपवाला कॅमेरा घ्यायला आलं की मी आधी तो खटका दाखवायचो आणि मगच कॅमेरा. बहुतेक जण मान डोलवायचे आणि झूम किती आहे ते विचारायचे.