आत्मारामने टाकलेले जाळे

५ मार्च २०२३. मीरा-भाईंदरच्या किनाऱ्यावरील पाली गावाचा धक्का. भांडणात तिघे; मृत शून्य.

या शून्याचे श्रेय आत्मारामचे. वय एकसष्ट. गुडघ्यांनी होडी सोडायला लावल्यापासून तो लोकांची जाळी दुरुस्त करतो आणि ओहोटीला खडकांवरून फेकजाळे टाकून घरापुरती मासळी आणतो. समुद्रात जाळ्याचे खुंट कोणी कुठे ठोकायचे, यावरून पालीतील दोन घरांत तीन पिढ्यांचे वैर आहे. त्यातच १९९४ साली त्याचा धाकटा भाऊ लवू याच धक्क्यावर मारला गेला. भांडण थांबावे म्हणून आत्मारामने लवूला मागून मिठीत धरले होते. धरलेल्या माणसाला सुरा चुकवता आला नाही.

त्याच दोन घरांतील स्वप्नील आणि संचिता यांनी फेब्रुवारीत ठाण्याला जाऊन नोंदणी विवाह केला. ५ मार्चच्या रविवारी सकाळी संचिताचा भाऊ हितेश कोयता घेऊन धक्क्यावर आला. स्वप्नील त्याला मेव्हणे म्हणत हात जोडू लागला. ती नरमाई त्याचा मित्र साहिल याला सहन झाली नाही. हितेशला खाडीत बुचकळतो, असे म्हणत तो धावून गेला. स्वप्नीलने त्याला मागून मिठी मारली.

खांद्यावर ओले जाळे घेऊन खडकांवरून परतणाऱ्या आत्मारामला फक्त ती मिठी दिसली. माशांच्या थव्यावर टाकावे तसे त्याने जाळे कोपरावरून उलगडून फेकले. जाळ्याच्या कडेला ओवलेल्या शिशाच्या गोळ्या गोल पडल्या आणि तिघेही आत सापडले.

"आत्मातात्या, बोंबील घावलं का घोल?" मासळी निवडणाऱ्या एका बाईने विचारले.

हितेशच्या हाती कोयता होता. एका झटक्यात तो बाहेर पडला असता. परंतु दुसऱ्याचे जाळे कापणे पालीत चोरीहूनही नीच मानले जाते आणि ही शिस्त त्याच्या रागाहून जुनी होती. त्याचा हात थबकला.

"तात्या, जालं उचल."

"आदी कोयता टाक. न्हाय तं काप माजं जालं, सगल्यांदेखत."

कोयता फरशीवर पडला.

तिघांना सोडवायला अर्धा तास गेला. स्वप्नीलच्या शर्टाच्या गुंडीत अडकलेला दोरा शेवटी हितेशनेच सोडवला, कारण त्याची बोटे या कामात तरबेज होती. आणि तोवर बायकांच्या टोमण्यांनी तोही हसू लागला होता. मे महिन्यात दोन्ही घरांनी मिळून गावात लग्न लावले. हळदीला आत्मारामला खांद्यावर घेऊन नाचवले गेले. गुडघ्यांची तक्रार त्याने त्या दिवशी केली नाही. यंदा दोन्ही घरांचे खुंट शेजारी शेजारी उभे आहेत.

लवूच्या खुनाच्या खटल्यात पालीतील कोणीही साक्ष दिली नाही, आत्मारामनेही नाही. लवूची विधवा लक्ष्मी हिला ती साक्ष अजून देणे आहे.