ओल्या केसांची वेणी

ती फणी दातांत धरून बोलायची. त्यामुळे तिचं निम्मं बोलणं कुणाला कळायचं नाही, पण एक वाक्य कळायचंच, "मान हलव नको गो, बाय!"

देवगडच्या बाजूला, खाडीच्या तोंडावर आमचं मुलींचं बोर्डिंग होतं. मी तिथे शिक्षिका म्हणून लागले ते पन्नासच्या दशकात. ती तिथली मेट्रन. पण तो शब्द तिला कुणी कधी लावला नाही. मुली तिला मावशी म्हणत आणि आम्ही शिक्षिकाही. दुपारचा चहा झाला की मागच्या पडवीत ती बसायची, समोर एक पाट टाकायची आणि मुलींची रांग लागायची. तिची चौपेडी वेणी सबंध आठवडा सुटत नसे, अशी मुलींमध्ये ख्याती होती.

केसांवरून तिला माणूस कळायचं. एखादीची जट सोडवता सोडवता ती हळूच विचारायची, "घराकडची याद येता मां?" आणि ती मुलगी रडू लागायची. आमच्या हेडमिस्ट्रेस, म्हणजे मोठ्या बाई, फार कडक. त्यांचे केस विरळ. एकदा सगळ्यांसमोर मावशी त्यांना म्हणाली, "बाई, बसा हंय. तुमकाव वायच तेल घालतंय." मोठ्या बाई लाल झाल्या. पण पुढच्या रविवारी दार लोटून त्यांनी डोक्याला तेल लावून घेतलं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

तिला भाबडी मात्र समजू नका. ती इमारत जांभ्या दगडाची, जुनी, काळोख्या बोळाची. पश्चिमेकडची खोली कायम कुलूपबंद. तिथे देवचार आहे असं मुली म्हणायच्या, कारण आत कुणीतरी चालायचं. एक दिवस मावशीने कुलूप काढलं, माळ्यावर काठी घातली आणि एक कांडेचोर, म्हणजे उदमांजर, पळवून लावला. खाली येऊन म्हणाली, "तुमचा देवचार केळी खाता गो!" त्यानंतर बोर्डिंगात भुताचं नाव निघालं की मुली हसायच्या.

म्हणूनच पुढे जे घडलं, ते मला हसण्यावारी नेता आलं नाही.

चतुर्थीच्या सुट्टीचे दिवस होते. मुली घरी निघालेल्या. शालन खारेपाटणची, तेरा-चौदा वर्षांची, भरघोस केसांची. तिला न्यायला तिचा काका सकाळीच आला. भरतीबरोबर होडी खाडीने वर न्यायची होती. शालन धावत पडवीत आली, केस मोकळे, फणी हातात.

"काकानू, चार पेड घालीसर थांबा," मावशी म्हणाली.

"होडी सुटतली. घराकडे आवस घालीत वेणी. चल गो."

शालन फुगली. मावशीने तिच्या गालावरून हात फिरवला. "जा गो बाय. परत इलंस काय आधी तुझीच घालतंय."

त्या दुपारी मी वह्या आवरून पडवीच्या दारात आले. रांग संपली होती. मावशीसमोर एकच मुलगी पाटावर बसली होती, माझ्याकडे पाठ करून. केस चिंब ओले. मावशी ते पिळत होती आणि पाणी जमिनीवरून ओघळत माझ्या पायांपर्यंत आलं होतं.

"रिबन खंय तुझी?" मावशीने तिला विचारलं. उत्तर मला ऐकू आलं नाही. मावशीने आपल्या हिरव्या लुगड्याचा पिवळा काठ दातांनी धरून टर्रकन फाडला आणि त्या पिवळ्या चिंधीने वेणी बांधली.

"कोण गं ही, भर दुपारी न्हालेली?" मी विचारलं.

मावशीने मान वर केली. "शालन, बाई. होडी चुकली असतली. परत इलां."

मी तशीच स्वयंपाकघरात गेले आणि शालन जेवायला आहे म्हणून सांगितलं. परत आले तर मावशी एकटीच होती, ओला ओचा झटकत.

"खंय गेलां गो तां?" ती मलाच विचारू लागली.

दिवस कलताना खालच्या धक्क्यावर आरडाओरडा झाला. आम्ही धावलो. मासेमाऱ्यांनी शालनला आणलं होतं, शिडाच्या कापडात गुंडाळून. बाजूला तिचा काका बसला होता. होडी सकाळीच उलटली होती, धक्का नजरेआड होतो न होतो तोच. तो एकटा वाचला होता आणि दिवसभर मासेमाऱ्यांबरोबर तिला शोधत होता. स्वतःच्या उघड्या मुठीकडे पाहत तो पुन्हा पुन्हा तेच सांगत होता, "केस हातात गावले माझ्या. मोकळे होते. निसटले. मगे ती दिसूकच नाय."

कुणीतरी कापड बाजूला केलं.

केस मोकळे नव्हते. चौपेडी वेणी होती, घट्ट, आणि टोकाला पिवळी चिंधी.

मी मावशीकडे पाहिलं. ती आपल्या लुगड्याचा फाटका काठ हातात धरून उभी होती. दोन पावलं मागे सरून मी धक्क्याच्या दगडी खांबाला धरलं. त्या दगडाचा गारवा आजही तळहाताला जाणवतो.

मोठ्या बाईंनी आम्हा दोघींना ऑफिसात बोलावलं. मावशीचं सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "हा भास आहे. ही गोष्ट बाहेर गेली तर उद्या इथे एक मुलगी राहणार नाही."

"बाई, मीही पाहिलंय," मी म्हणाले.

त्या खुर्चीत बसल्या. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाल्या, "तिच्या आईला काय सांगू मी?"

"तां माका सांगूक व्हया," मावशी म्हणाली. "सकाळी वेणी घातलंय असतंय, तर ती काकाच्या हाताक ऱ्हवली असती."

आई दुसऱ्या दिवशी तळेऱ्यावरून यष्टीने आली. विधवा बाई, शालन तिची एकुलती एक. ती लेकीजवळ बसली, तिच्या वेणीवरून हात फिरवत राहिली. दीर तर केस मोकळे होते म्हणत होता. तिने विचारलं, "ही वेणी कोणी घातली?"

मोठ्या बाईंनी डोळ्यांनी खुणावलं. मावशीने तिकडे पाहिलंच नाही. ती आईसमोर जमिनीवर बसली आणि सगळं सांगितलं. सकाळची घाई, दिलेला शब्द, दुपारचं पाणी. काही गाळलं नाही. आता ही बाई हिचा गळा धरणार, असं मला वाटलं.

आईने फक्त विचारलं, "बोललां काय तां?"

"बोललां. 'मावशे, घट्ट घाल. माका सुटूचां नाय' म्हणालां."

"भियाललां होतां?"

"नाय. माझ्या मांडयेर मान टेकून बसलां होतां. थंड होतां, पण भियाललां नाय."

आई हुंदका न देता ऐकत होती. मग ती बसल्या जागीच वळली, मावशीकडे पाठ केली आणि आपला अंबाडा सोडला.

"माका घाल," ती म्हणाली. "तिका घातलंस तशीच."

मावशीच्या हातून पेड पुन्हा पुन्हा सुटत होते. आई मान न हलवता बसून राहिली. मोठ्या बाई भिंतीकडे तोंड करून रडल्या.

दिवसकार्य होईपर्यंत सोबत म्हणून मावशी आईबरोबर खारेपाटणला गेली. ती परत आली नाही. सुट्टीनंतर बऱ्याच मुलीही आल्या नाहीत. पडवीत कुणी बसेना. काही वर्षांनी ते बोर्डिंगच बंद पडलं. त्या दुपारी आम्ही काय पाहिलं, हे मला कुणी विचारलं तर मी आजही एवढंच सांगते की जमीन ओली होती.

साठ सालानंतर कधीतरी मी कामासाठी खारेपाटणला उतरले. नदीवर दोघी दिसल्या. आई गुडघाभर पाण्यात उभी राहून गोधडी खळबळत होती. वरच्या पायरीवर मावशी बसली होती, केस पांढरे, पाठ वाकलेली. ती काहीच करत नव्हती. आईच्या पदराचं टोक तेवढं तिने मुठीला दोन वेढे देऊन धरलं होतं.

मी हाक मारली नाही.