दाखल्यावरचा वर्तणुकीचा रकाना

धाकट्या बहिणीचा शाळा सोडल्याचा दाखला आणायला मी गेले, कारण घरातली कागदपत्रांची कामं माझ्याकडे असतात. मी कॉलेजात जाते म्हणून. वडील इथेच, मुलुंडच्या एका छोट्या कारखान्यात पॅकिंगला आहेत, आई तीन घरी पोळ्या करते. कुठलाही फॉर्म आला की आई तो माझ्यापुढे सरकवते. "तुका समाजता." खरं तर मलाही फारसं समजत नाही. पहिल्या वर्षी एक कागद जोडायचा राहिला म्हणून माझी शिष्यवृत्ती गेली. तेव्हापासून मागितलेले, न मागितलेले सगळे कागद मी पिशवीत घालून नेते.

बहिणीला लिफ्टचं काम शिकायचं आहे. आमची बिल्डिंग पुनर्वसनातली, सात मजली, आणि लिफ्ट महिन्यातून दोनतीनदा तरी बंद पडते. दुरुस्तीवाले काका आले की ही त्यांच्या मागोमाग वरच्या मशीन रूमपर्यंत जाते. दहावीनंतर आयटीआयच्या यादीत त्याच ट्रेडला तिचं नाव लागलं. त्या दिवशी ती कुणावरही ओरडली नाही. मी शाळेत गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी मूळ कागद दाखवायची मुदत संपत होती. फक्त दाखला राहिला होता.

दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो. मला त्याचीच भीती होती. माझ्या दाखल्यावर 'चांगली' आहे. मी दहा वर्षं वर्गात तोंडच उघडलं नाही. बहिणीचं तसं नाही. राग आला की हातात असेल ते ती फेकते. नववीत स्टीलचा डबा फेकला आणि वर्गातल्या एका मुलीच्या कपाळाला तीन टाके पडले. मग सहा महिने दवाखान्यातल्या समुपदेशक मॅडमकडे खेपा झाल्या. त्यांच्या रिपोर्टात लिहिलं होतं की राग अनावर होतो, सूचना पाळायला अडचण येते, पण प्रगती आहे. मला वाटायचं, 'प्रगती आहे' हे कुणीतरी वाचायला हवं.

शाळेच्या ऑफिसात क्लार्क मॅडम दाखला टाइप करत होत्या. बहीण बाहेर बाकावर बसली होती. मी तो रिपोर्ट पुढे केला. "मॅडम, हा पण जोडायचा का?"

त्यांनी वाचला आणि चष्मा काढला. "अगं, मी 'चांगली' टाकून मोकळी झाले होते. सगळ्यांना तेच टाकते. हा कशाला दाखवलास?"

"लागत असेल म्हणून..."

"कोणी मागितला होता? आता वाचलाय ना मी. आता बाईंना दाखवावा लागणार."

मुख्याध्यापिका बाईंनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि बहिणीला आत बोलावलं. टेबलावरचा कागद तिने लगेच ओळखला.

"ताई, तू दिलास?"

मी मान हलवली. तिच्या मुठी वळल्या. टेबलावर काचेचा पेपरवेट होता. मी तोच बघत राहिले.

"लिफ्टचं काम म्हणे," बाई म्हणाल्या. "तिथे माणसं अडकलेली असतात. तेव्हा तुझं डोकं फिरलं तर?"

"माणसं अडकली की नाही फिरत."

"असं कसं?"

"ती घाबरलेली असतात ना. मी बाहेरून सांगते, दार ओढू नका, काका येतायत. चौथ्या मजल्यावरच्या आजी अडकल्या होत्या तेव्हा अर्धा तास बोलत बसले होते."

"काय बोललीस एवढं?"

"काय नाय. भाजी काय केली, सून काय बोलली. सून लय बोलते त्यांची."

क्लार्क मॅडम हसल्या. बाई हसल्या नाहीत. "मग वर्गात का फिरायचं डोकं?"

बहिणीने मुठी सोडल्या. मग म्हणाली, "वर्गात मीच अडकलेली असायची."

बाईंनी रिपोर्टाची घडी घालून माझ्या हातात दिली. क्लार्क मॅडमना म्हणाल्या, "'समाधानकारक' टाका. 'चांगली' मी नाही लिहू शकत. त्या पोरीच्या कपाळावर अजून खूण आहे."

मला ते चूक वाटलं नाही. पण मी पिशवी उघडली नसती तर तो शब्द आला नसता, हेही खरं होतं.

त्या दिवशी घरी परतलो तेव्हा लिफ्ट चालू होती, तरी बहीण जिन्याने चढली. मीही तिच्या मागे गेले. तिसऱ्या मजल्यावर मी बसले, ती थांबली नाही. मला फार थकल्यासारखं झालं होतं. जिन्यामुळे नाही. घरात सगळ्यांसाठी कळून घेण्याचं काम माझ्याकडे आहे आणि मला ते येत नाही, असं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आयटीआयत टेबलामागच्या सरांनी दाखला पुढे ओढला. त्यांचं बोट नावावर थांबलं, जन्मतारखेवर थांबलं आणि तसंच खाली जाऊन शाळेच्या शिक्क्यावर थांबलं. मधल्या रकान्यापाशी ते थांबलंच नाही. शिक्का मारून ते म्हणाले, "झालं अ‍ॅडमिशन. पुढचा."

गेटबाहेर आल्यावर कालपासून पहिल्यांदा ती माझ्याशी बोलली. "बघितलंस? उगाच माझी वाट लावत होतीस."

"सॉरी."

"रिपोर्ट कुठाय?"

"पिशवीत."

तिने हात पुढे केला. मला वाटलं, फाडणार. तिने तो स्वतःच्या सॅकमध्ये, पुस्तकांच्या मागच्या कप्प्यात घातला आणि चेन लावली.

"लागला तर माझ्याकडे माग," ती म्हणाली. "मी बघेन द्यायचा की नाही."