न निवडलेला कप्पा

मी लातूरच्या त्या क्लासमध्ये पोचलो तेव्हा संचालक सर शबाना मॅडमना कामावरून काढायच्या बेतात होते. मॅडम तिथल्या जुन्या ऑपरेटर. प्रश्नपेढी, हजेरी, निकाल, सगळं त्यांच्या कॉम्प्युटरवर. तो सकाळपासून सुरू होईना. दोन वाजता टेस्ट, आणि पेपर आतच अडकलेला.

आग मीच लावली होती. नांदेडला माझं दुरुस्तीचं दुकान. आदल्या दिवशी त्यांची हार्डडिस्क मागवून मी नव्या, वेगवान डिस्कवर, एसएसडीवर, क्लोन केली, म्हणजे हुबेहूब नक्कल, आणि दोन्ही परत पाठवल्या. सकाळी सरांचा फोन आला तेव्हा मी बिनदिक्कत म्हणालो, "तिकडं कुणीतरी काहीतरी दाबलं असेल." फोन स्पीकरवर होता. अख्ख्या स्टाफने ते ऐकलं.

मशीन लावलं. काळा स्क्रीन, ऑपरेटिंग सिस्टीम सापडत नाही. एसएसडी काढून माझ्या लॅपटॉपला जोडली. फाइली सगळ्या जागेवर. मग कप्पे, म्हणजे पार्टिशन, बघितले. दोनच. तिथंच माझं डोकं सणकलं. विंडोज सुरू करणाऱ्या फाइली वेगळ्या, छोट्या, बिननावाच्या कप्प्यात असतात. क्लोन करताना फालतू समजून मी तो निवडलाच नव्हता.

"जुनी डिस्क कुठाय?" मी विचारलं.

सर म्हणाले, ती काल संध्याकाळीच सीसीटीव्ही कॅमेऱ्याच्या रेकॉर्डिंगसाठी मॅडमना पुसायला सांगितली.

"पुसली न्हाई मी," मॅडमनी कपाट उघडलं. "नवी चालू होऊ द्या म्हटलं आधी."

त्यावर सर भडकले. मी सांगितलेलं ऐकायचं नाही म्हणजे काय, क्लास कोण चालवून राहिलंय, वगैरे. मला त्यांचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा.

"सर, चूक माझी आहे," मी म्हणालो. "आणि तुमचं ऐकलं असतं तर आत्ता हातात काहीच नसतं."

ते खुर्ची सरकवून बाहेर गेले.

जुनी डिस्क बसवली. मशीन सुरू झालं, पेपर निघाले, टेस्ट वेळेवर झाली. पोरं बाहेर पडल्यावर सगळे कप्पे निवडून डिस्क पुन्हा क्लोन केली. जुनी बाहेर काढून, नुसत्या नवीवर दोनदा सुरू करून बघितलं.

मग मॅडमची माफी मागितली. त्यांनी मान वर केली नाही.

"मला एकटीला कशाला सांगता? सकाळी सगळ्यांनी ऐकलं होतं."

मी स्टाफरूममध्ये गेलो. चहा चालला होता. उभं राहून सांगितलं की शबाना मॅडमनी काहीही दाबलेलं नव्हतं, काम मी अर्धवट केलं होतं. सर दारात होते. मॅडमना काढायचा विषय त्यांनी परत काढला नाही. सॉरी म्हणायचंही त्यांना सुचलं नाही.

तेव्हापासून मी नुसती डिस्क मागवत नाही, अख्खा सीपीयू मागवतो. नवी डिस्क त्यात एकटी सुरू झाल्याशिवाय दुकानाबाहेर जात नाही. आणि कुणी काय दाबलं, हे न बघता सांगत नाही.