उलटा शिवलेला फर्मा

निघताना डिंक्याने पिशवीत दाभण, मेण लावलेला दोरा आणि सरसाची डबी भरली आणि वर घडी केलेला शर्ट टाकला. बावीस वर्षांनी जिवलग मित्राकडे जेवायला जाणारा माणूस फळं नेतो, वहिनीसाठी काही नेतो. हा मात्र चोरासारखी हत्यारं लपवून निघाला होता.

डिंक्या हे नाव मित्रानेच ठेवलेलं. दोघे एकाच बाकावर वाढले, शाळेतही आणि चर्चमध्येही. एक पुढे घड्याळजी झाला, दुसरा पुस्तकं बांधू लागला आणि त्याच्या नखांतला डिंक काही निघाला नाही. घड्याळजीची आई शेवटच्या आजारात अंथरुणावर बसून प्रार्थना लिहायची, रोज एक, पानभर. मुलाचं लग्न ठरलं होतं. त्याच्या संसारात रोज त्यातली एक वाचली जावी, एवढीच तिची इच्छा. कागद डिंक्या पुरवायचा. सोळा पानांचा एक घडी घातलेला फर्मा या काकूंना नेऊन द्यायचा, भरला की घेऊन जायचा. सगळे फर्मे शिवून लग्नात जोडप्याच्या हाती देईन, असा शब्द त्याने दिला होता. लग्नाला महिना असताना काकू गेल्या.

शब्द त्याने पाळला, पण कसा? त्याच आठवड्यात एका शाळेच्या रजिस्टरांचं मोठं काम आलं आणि काकूंचं पुस्तक उरल्यासुरल्या वेळात उरकलं गेलं. लग्नाच्या दिवशी ते चर्चमधल्या टेबलावर ठेवलं होतं. त्याने सहज चाळून पाहिलं. मधला एक फर्मा उलटा शिवला गेला होता. सोळा पानं डोकं खाली, पाय वर. तेवढ्यात पाळकांनी साऱ्या मंडळीसमोर त्याच्या हातांची तारीफ केली आणि या गृहस्थाने मान लववून ती घेतली. तिथेच बोलला असता तर सगळे हसले असते आणि आठवड्यात पुस्तक उसवून नीट झालं असतं. पण तोंडाला कुलूप.

आज सांगू, उद्या सांगू करता करता वहिनीची बदली झाली. ती दवाखान्यात नर्स होती. नवराबायको दुसऱ्या गावी गेले. बोलावणी यायची आणि हा कधी कामाचं, कधी गुडघ्याचं निमित्त पुढे करायचा. बहाणे करण्यात मात्र त्याचे हात खरंच चांगले होते.

याहून वाईट गोष्ट पाच वर्षांनी घडली. त्याच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्यात शिलाई करणाऱ्या बाईंकडून एक फर्मा उलटा लागला. बाई अकरा वर्षं त्याच्याकडे होत्या, कधी एक टाका चुकला नव्हता. त्याने सगळ्यांदेखत सांगितलं, की असे हात या धंद्यात नकोत, आणि त्याच दुपारी त्यांना घरी पाठवलं. स्वतःचा राग त्याने त्या बाईंवर काढला, आणि काढताना ते त्याला पक्कं कळत होतं.

आता बेत असा होता. बांधणी सैल झाली असेल म्हणायचं, दोन तास मागायचे आणि गुपचूप फर्मा सरळ करायचा. त्यांनी तो पाहिलाच नसेल असं मानायला तो दूधखुळा नव्हता. पण एकदा नीट झालं की त्या चुकीबद्दल बोलायची वेळ आपल्यावर येणार नाही, असं त्याने मनाशी ठरवलं होतं.

दारातच घड्याळजीने त्याला मिठी मारली आणि तुझं पोट वाढलं, केस पळाले, म्हणून तिथल्या तिथे हिशेब चुकता केला. दोघे म्हातारे शाळेतल्या पोरांसारखे हसले. जेवायला बसण्याआधी वहिनीने पुस्तक आणलं. कडा मऊ झालेल्या, आत खुणेची रिबीन. तिने रिबिनीपाशी उघडलं नाही.

"आज पाहुणा घरात आहे," ती म्हणाली. "आज त्याची पानं."

तिने मधलं पान काढलं आणि पुस्तक फिरवून उलटं धरलं, इतक्या सवयीने की त्यात काही वेगळं आहे असं वाटूच नये. काकूंची प्रार्थना वाचून झाली. मग दोघांनी एका सुरात म्हटलं, "आणि प्रभू, आमच्या डिंक्याला सांभाळ. आमेन."

 मग घड्याळजीनेच सांगितलं, की उलटी पानं आली की सोळा दिवस त्याचं नाव घ्यायचं, हा या घरचा नियम आहे. "पहिल्या महिन्यातच कळलं रे. म्हटलं, तू आलास की मिळून हसू. तू आलाच नाहीस."

डिंक्याने पिशवीतून दाभण काढून टेबलावर ठेवलं आणि सगळं कबूल केलं. घड्याळजी खो खो हसला. पुस्तकाला हात लावलास तर बघ, म्हणाला. एवढी माया मिळाल्यावर माणसाला हलकं वाटायला हवं. डिंक्याला मात्र लाजेने मान वर करवेना. मग त्याने त्या बाईंचंही सांगितलं. घड्याळजीचं हसू थांबलं.

वहिनीने पुस्तक मिटलं. "भाऊजी, तुमचं नाव आम्ही घेत होतो," ती म्हणाली. "त्या बाईंचं कोणी घेतलं?"

दुसऱ्या दिवशी गावी परतल्यावर तो घरी न जाता थेट बाईंच्या दारात गेला. त्या आता पिशव्या शिवून पोट भरत होत्या. मशीन थांबवून त्या उंबऱ्याशी आल्या, पण आत या म्हणाल्या नाहीत.

"बाई, माझा पण एक फर्मा उलटा गेला होता," तो म्हणाला. "तुमच्या आधी पाच वर्षं."

बाई म्हणाल्या, "म्हणजे मला काढलंत, तेव्हा तुम्हाला ते ठाऊक होतं."

"हो," डिंक्या म्हणाला, आणि पिशवी हातात धरून तिथेच उभा राहिला.