सहांच्यात सातवा

आखाताच्या सरहद्दींची काळजी आमच्या शुक्रवारच्या काकांनी जितकी वाहिली, तितकी इथल्या एखाद्या मंत्र्यानेही वाहिली नसेल. काका बाबांचे वेंगुर्ल्याचे गाववाले, रास अल खोरला टायरच्या गोदामात स्टोअरकीपर. देरा भागातल्या त्यांच्या खोलीत सहा जण राहत. शनिवार ते गुरुवार एकेकाची रांधायची पाळी, शुक्रवारी स्टोव्ह बंद. म्हणून त्या दिवशी ते आमच्याकडे जेवायला येत. मी इंग्रजीत उत्तर दिलं की घास हातात धरून थांबत. "आता मराठीत सांग बघू." आठवड्यातून तेवढंच काय ते मी मराठी बोलायची.

सहा आखाती देशांच्या संघात यमनला घ्यायची चर्चा पेपरात आली आणि काकांची भूकच गेली. "यमन्याला व्हिसा नको, अरबी आयती! माझी खुर्ची खलास. खुर्ची गेली की व्हिसा गेला, व्हिसा गेला की मी वेंगुर्ल्यात." आईने यमनी मध आणला, तर ते बरणीकडे पाठ करून बसले. "आपल्या सहा देशांनी सावध राहायला हवं, वहिनी."

"आपल्या?" बाबा म्हणाले. "तुम्ही तर दर तीन वर्षांनी व्हिसाचा शिक्का मारून घेता!"

"म्हणूनच तर जपायचं!"

आणि गोदामात खरंच एक यमनी आला. पन्नाशीचा, काकांच्या हाताखाली. पंधरा दिवस काकांनी त्याला टायरचे नंबर शिकवले नाहीत. "म्हणजे आपल्याच खुर्चीचे स्क्रू काढून द्यायचे?" पुढच्या शुक्रवारी मात्र ते भात नुसता चिवडत बसले. "टायरांवर निजतो हो तो. त्याला खोलीच नाही."

त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यांनी सांगून टाकलं, "घेतला आमच्यात. बाकीचे पाच जण म्हणत होते, सहाच बरे, आज एक येईल, उद्या सगळं गाव. सगळी माझीच वाक्यं! मला माझाच राग आला."

यमन संघाच्या दारातच राहिला, काकांची खुर्चीही शाबूत राहिली. गेला तो आमचा शुक्रवार. सातव्या माणसाच्या वाट्याला तोच एक वार उरला होता. तो मटण शिजवतो, म्हणे, आणि काका आल्याशिवाय झाकण काढत नाही.

आई अजून शुक्रवारी एक ताट जास्त घेते. फोन मी करते.

"Kaka, are you coming?"

 पलीकडे ते थांबतात, घास हातात धरल्यासारखे.

"काका, येताय ना?"

"इन्शाल्ला, बाळा," काका म्हणतात.